आधी वाइस घ्या, ड्रिल नंतर

नवीन फ्लॅटची चावी मिळाली की आपल्याकडे माणूस पहिले काय मागवत असेल तर ड्रिल मशीन. ऑनलाइन सेल लागलेला असतो, सोबत बिटांची भलीमोठी किट फुकट असते, चकचकीत प्लास्टिकची पेटी असते, आणि दोन फ्रेमा, एक वॉटर प्युरिफायर आणि पडद्याचे ब्रॅकेट लागले की ती पेटी जी माळ्यावर जाते ती जातेच. मला ड्रिलचा राग नाहीये, माझं पोटच मशिनींवर चालतं, बुटीबोरी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे मी, ट्रेड फिटर, आणि त्यामुळे मानेवाड्यातल्या आमच्या गल्लीत कोणाचं काहीही अडलं की बेल आमच्याच दाराची वाजते. पण इतकी वर्षं लोकांच्या टूलच्या पेट्या बघून एक गोष्ट लक्षात आलीये, कापायचं, ठोकायचं, भोकं पाडायचं सामान प्रत्येकाकडे ढीगभर असतं, आणि वस्तू धरायचं, मोजायचं, आखायचं सामान जवळपास नसतंच. वाइस, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत आवळून धरायचं हत्यार, ते तर कोणाकडेच नाही.

वर्कशॉपात काम उलट्या क्रमाने चालतं. आधी वस्तू हलणार नाही अशी धरायची, मग मोजायची, मग रेघ ओढायची, रेघेवर पंचाचा ठिपका द्यायचा, आणि एवढं सगळं झाल्यावर कुठे आरी नाहीतर ड्रिल हातात घ्यायचं. कापणं हे सगळ्यात शेवटचं आणि खरं सांगायचं तर त्यातल्या त्यात सोपं काम. घरी मात्र आपण डायरेक्ट शेवटापासून सुरू करतो, नळाचा पाइप जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, चपलेने दाबायचा आणि घासायला लागायचं, मग पाइप गोल फिरतो, ब्लेड तिरपं जातं, तुटतं, आणि शिव्या कोणाला तर ब्लेडला, "आजकाल मालच बेकार येऊन रायला ना बापा".

तर वाइस. बिडाचा असतो, एक जबडा जागेवर पक्का, दुसरा सरकणारा, आणि मधे चौकोनी आट्यांचा जाड स्क्रू. त्याचा साइज म्हणजे जबड्याची रुंदी, कारखान्यात 125 किंवा 150 मिलिमीटरचे असतात, घरच्या कामाला 100 चा, म्हणजे चार इंची, भरपूर झाला. बसवायची उंची अशी की आपण सरळ उभे राहिलो तर जबड्याचा वरचा काठ आपल्या कोपराच्या लेव्हलला यावा. आता आयटीआयमधली बेंचं कोणाच्या उंचीने बनवली होती ते सांगायला नको, आमच्या बॅचला आम्ही मोजक्याच मुली होतो आणि आमच्या पायाखाली लाकडी फळी टाकलेली असायची, मुलं हसायची, पण फळीवर उभं राहिल्यावर खांदा दुखायचा थांबला तो थांबलाच. आजही प्लांटमध्ये मी कोणालाही, माणूस असो की बाई, बेंचवर वाकून काम करताना बघितलं की आधी फळी शोधते.

वाइसच्या जबड्यांना दातऱ्या असतात, त्या टणक केलेल्या असतात, त्यामुळे घासून गुळगुळीत केलेला जॉब, म्हणजे ज्याच्यावर काम चाललंय तो तुकडा, तसाच दाबला की त्यावर जाळीदार ठसा उमटतो आणि मग तो घासत बसा. म्हणून तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीचे दोन तुकडे काटकोनात वाकवून जबड्यांवर घालतात, जॉबपेक्षा मऊ काहीतरी मधे हवं एवढंच. आणि वाइसचा दांडा हातानेच आवळायचा. त्याची लांबी हाताच्या ताकदीचा हिशोब करूनच ठेवलेली असते, त्याला पाइप लावून किंवा हातोडीने ठोकून आवळणारे महाभाग प्रत्येक कारखान्यात असतात आणि प्रत्येक कारखान्यात एक तरी वाइस तडकलेला असतो, ह्याचा एकमेकांशी संबंध आहे. वाइसमधल्या जॉबवर ठोकायचंच असेल तर मार पक्क्या जबड्याकडे गेला पाहिजे, सरकणाऱ्याकडे मारलं की सगळा धक्का आतल्या स्क्रूच्या आट्यांवर येतो.

धरून झालं की आखायचं. पेन्सिलीची रेघ लोखंडावर नीट दिसत नाही आणि दिसली तरी इतकी जाड की रेघेच्या अलीकडे कापायचं की पलीकडे हा वाद होतो. त्याला स्क्रायबर असतो, सुईसारखं टोक असलेली टणक सळई, तो पट्टीच्या किंवा गुण्याच्या, म्हणजे काटकोन तपासायच्या साधनाच्या, काठाने एकदाच ओढायचा, दोनदा ओढला की दोन रेघा. पण घासलेलं लोखंड चमकतं, चमकणाऱ्या पृष्ठभागावर बारीक रेघ उठून दिसत नाही, म्हणून त्यावर मोरचूदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, पाणी लावतात. लोखंडावर लागल्या लागल्या मोरचुदातलं तांबं सुटून पातळ लालसर थर बसतो आणि त्या तांबूस थरावर स्क्रायबरची रेघ चकचकीत पांढरी दिसते, बघायला फार छान वाटतं ते. हे मोरचूद आम्हाला आयटीआयच्या स्टोअरमधून मोजून मिळायचं आणि माझी मैत्रीण, तिच्या घरी काटोलकडे संत्र्याचा बगीचा, ती म्हणायची आमच्याकडे पोतं पडलंय. संत्रेवाले झाडाच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावतात ना, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, तेच हे. खडबडीत बीड असेल तर त्यावर मोरचूद वाया घालवू नका, साधा खडू घासला तरी रेघ दिसते.

मग पंच. डॉट पंचाचं टोक 60 अंशाचं, ते रेघेवर बारीक ठिपके द्यायला, म्हणजे हात लागून रेघ पुसली तरी ठिपके राहतात. सेंटर पंच 90 अंशाचा, जरा बोथट, तो जिथे ड्रिल मारायचं तिथे खोल खड्डा करायला. लोकांचं ड्रिल पत्र्यावर सरकतं आणि हवं तिथे भोक पडत नाही ह्याचं कारण हाताचा कंप नसतो बहुतेक वेळा. ड्रिलच्या अगदी टोकाला जी आडवी बारीक धार असते ती कापत नाही, ती फक्त समोरचा धातू दाबून बाजूला सारते, खऱ्या धारा तिच्या दोन्ही बाजूंना असतात. त्या टोकाला बसायला खड्डा नसेल तर ते फिरता फिरता जागा शोधत जाणार. एक ठोका सेंटर पंचाचा, बस. (टाइलवर मात्र पंच नका मारू. टाइल तडकेल. तिथे मास्किंग टेप लावा आणि टाइलचाच बिट हळू फिरवा.)

मोजायच्या बाबतीत लोकांचा एक मोठा गैरसमज आहे की महागडं साधन म्हणजे बरोबर मोजमाप. व्हर्नियर कॅलिपर, साधा वर्कशॉपवाला, 0.02 मिलिमीटरपर्यंत वाचतो, मुख्य पट्टीवरचे 49 मिलिमीटर खालच्या सरकत्या पट्टीवर 50 भागांत वाटलेले असतात, त्यामुळे तिथला एक भाग 0.98 चा होतो आणि दोन्हींमधला फरक 0.02, एवढीच त्याची गंमत, ना बॅटरी ना काही. पण हातात घेतला की पहिले जबडे पूर्ण बंद करून शून्याला शून्य जुळतं का ते बघायचं, नाही जुळलं तर जेवढा फरक तेवढा प्रत्येक मापात धरायचा. आयटीआयमधले आमचे सर ह्यावर फार कडक होते. नवीन पोरांना मी आता ह्यासाठी नागपूरचंच उदाहरण देते, 2024 च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले, सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते फिरलं, टीव्हीवर आलं, आणि नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. उन्हाने जीव जात होता हे खरंच होतं, पण 56 नव्हते. आकडा दिसला म्हणून तो खरा होत नाही, कॅलिपरचं पण तेच.

आणि स्टीलची साधी सहा इंची पट्टी घरात असूच द्या, टेपच्या पुढचा पत्र्याचा हुक थोडा हलतो, तो मुद्दामच सैल ठेवलेला असतो, ढकलून मोजलं आणि ओढून मोजलं तर हुकाच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून. लोक तो हुक हलतोय म्हणून ठोकून घट्ट करतात, आणि मग टेपचं माप चुकतं, पट्टीला हुकच नसतो.

आता कानस, म्हणजे लोखंड घासायची दातेरी फाइल. फिटरचं खरं शिक्षण कानशीवर होतं आणि ते किती कंटाळवाणं असतं हे बाहेरच्याला कळायचं नाही. श्रद्धानंद पेठेतला आयटीआय, शेडच्या वर पत्रे, उन्हाळ्यात दुपारी तिथे काय होत असेल विचार करा, आणि हातात माइल्ड स्टीलचा एक ओबडधोबड तुकडा, तो घासून घासून सगळ्या बाजूंनी सपाट आणि काटकोनात करायचा. मशीन तो मिनिटात करून देईल हे आम्हालाही माहीत होतं. दिवसेंदिवस घासायचं, गुण्या लावून उजेडासमोर धरायचं, पट्टीखालून उजेडाची फट दिसली की परत वाइसला. फट नेहमी दोन्ही कडांना दिसायची, मधे फुगीर. कारण नवीन माणसाच्या हातात कानस पाळण्यासारखी झुलते, पुढे ढकलताना आधी मागचं, मुठीकडचं टोक खाली जातं, मग पुढचं. सर मागून यायचे आणि म्हणायचे, "हात काऊन हालवतं पोरी, आंगानं ढकल."

त्या आंगानं ढकलण्यात सगळं आहे. डावा पाय पुढे, कोपर अंगाजवळ, ढकलायला सुरुवात करताना डाव्या हाताचा, म्हणजे कानशीच्या टोकावरचा दाब जास्त, मधे आल्यावर दोन्ही हातांचा सारखा, आणि शेवटी उजव्या हाताचा जास्त. कानस पूर्ण वेळ आडवी राहायची तर दाब असा एका हातातून दुसऱ्या हातात सरकत जायला हवा. हे वाचून येत नाही, मी लिहून काही उपयोग नाही खरं तर, पण एके दिवशी ते अंगात बसतं आणि मग गुण्याखालचा उजेड बंद होतो. कानस बनवणाऱ्यांनी पण आपल्याला थोडी मदत केलेली असते, चांगली कानस नीट बघितली तर अगदी सपाट नसते, मधे किंचित पोटाळ असते, म्हणजे हात थोडा झुलला तरी कडा खाल्ल्या जाऊ नयेत.

कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नाही, म्हणून परत आणताना दाब सोडायचा, दाबून मागे ओढली की दात बोथट होतात. बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ हे तिचे घरात लागणारे ग्रेड, जाड दातापासून बारकाकडे. (बास्टर्ड हे नाव क्लासमध्ये पहिल्यांदा ऐकल्यावर काय झालं असेल ते सांगत नाही.) बारीक कानशीच्या दातांत ॲल्युमिनियम किंवा पितळेचा कीस अडकतो आणि तोच मग जॉबवर ओरखडे पाडतो, त्यावर उपाय म्हणजे कानशीवर आधी खडू घासून घ्यायचा, कीस खडूला धरतो, ब्रश मारला की निघून जातो. आणि मुठीशिवाय कानस वापरायची नाही, कधीच नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी नाही. तिचं मागचं अणकुचीदार टोक तळहातात घुसतं, मी घुसलेलं बघितलंय. कानस टणक असते म्हणून ठिसूळही असते, त्यामुळे डब्याचं झाकण उचकटायला तिचा वापर केला की ती वाकणार नाही, तुटणार.

हॅक्सॉबद्दल, म्हणजे लोखंड कापायच्या आरीबद्दल, सगळ्यांना एकच प्रश्न असतो, दात कुठल्या बाजूला. पुढे, मुठीपासून लांब, कारण ढकलताना कापायचं असतं. ब्लेडवर बाण असतो तो बघा. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारत नाही, की दात किती बारीक. एका इंचात 14, 18, 24, 32 असे दात मिळतात, आणि नियम असा की कापताना कमीत कमी तीन दात तरी धातूवर टेकलेले पाहिजेत. पातळ पाइपच्या भिंतीची जाडी दोन दातांमधल्या जागेपेक्षा कमी असली तर भिंत दातांच्या मधे अडकते आणि दात उडतात. म्हणून वायरिंगच्या पातळ कन्ड्युट पाइपला 32 चं, जाड माइल्ड स्टीलच्या सळईला 18 चं. दुकानात नुसतं "आरी ब्लेड द्या" म्हटलं की जे समोर असेल ते मिळतं, आकडा सांगून मागा, दुकानदार तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

अजून एक, हे मला फार उपयोगी पडलं. ब्लेडचे दात एक डावीकडे एक उजवीकडे किंवा नागमोडी असे बाहेर वळवलेले असतात, त्यामुळे कापलेली खाच ब्लेडच्या पाठीपेक्षा रुंद पडते आणि ब्लेड अडकत नाही. वापरून वापरून हे बाहेर आलेले दात झिजतात, खाच अरुंद पडायला लागते. आता अर्ध्यात ब्लेड तुटलं आणि तुम्ही नवीन ब्लेड त्याच जुन्या खाचेत घातलं तर ते रुंद असल्यामुळे अडकणार आणि नवीन कोरं ब्लेड पण पटकन तुटणार. जॉब फिरवा आणि दुसऱ्या बाजूने नवीन खाच सुरू करा. आणि घाई नका करू, मिनिटाला 40-50 स्ट्रोक, पूर्ण लांबी वापरून, मधल्या चार इंचात खरखर करत बसलं की ब्लेडचा मधलाच भाग मरतो.

हातोडी धरणं वेगळंच. जवळपास प्रत्येक नवखा माणूस दांडा डोक्याजवळ धरतो, कारण तिथे कंट्रोल वाटतो, आणि मग दहा ठोक्यांचं काम तीस ठोक्यांत करतो. दांड्याच्या टोकाजवळ धरा, मनगट आणि कोपर वापरा, वजन हातोडीलाच पेलू द्या. जड वाटत असेल तर वर धरू नका, हलकी हातोडी घ्या, एक पाउंडाची बॉल पीन हातोडी घरच्या सगळ्या कामाला पुरते. त्या बॉल पीनचा मागचा गोळा शोभेला नसतो, रिव्हेटचं डोकं पसरवून गोल करायला असतो. हातोडीवर हातोडी मारायची नाही, दोन्हींचे तोंड टणक असते, कपची उडते आणि डोळ्यात जाते. छिन्नीचं पण तसंच, मार खाऊन खाऊन तिच्या डोक्याला छत्रीसारख्या कडा फुटल्या की त्या ग्राइंडरवर घासून टाकायच्या, ते तुकडे उडतात तेव्हा दिसत पण नाहीत.

आणि आपल्या नागपुरात हातोडीचा एक स्पेशल त्रास आहे. मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की लाकडी दांडा आकसतो आणि डोकं ढिलं होतं. मग लोक काय करतात, हातोडी रात्रभर पाण्याच्या बादलीत उभी ठेवतात, सकाळी घट्ट. चार दिवस घट्ट, आणि मग आधीपेक्षा ढिलं, कारण फुगताना लाकूड लोखंडाच्या भोकात दबून चेपलं जातं आणि वाळल्यावर ते परत आधीच्या आकाराला येत नाही. खरा उपाय पाचरीचा. दांड्याच्या वरच्या टोकात पाचर ठोकलेली असते, ती आणखी आत मारा, नाहीतर एक नवीन द्या, डोक्याचं भोक दोन्ही तोंडांना रुंद आणि मधे अरुंद अशासाठीच ठेवलेलं असतं की पाचरीने लाकूड पसरून तिथे कुलूप बसावं. ढिल्या डोक्याच्या हातोडीने घरात लहान पोरं असताना एक खिळा पण ठोकू नका.

पान्यांवर येते, कारण एप्रिल आला की गल्लीत पान्यांचाच सीझन असतो. कूलर. वर्षभर जिन्याखाली पडलेले कूलर बाहेर निघतात, खस बदलायची असते, टुल्लू पंप बघायचा असतो, स्टँड खिडकीला लावायचं असतं, आणि बोअरच्या पाण्याने त्याचे सगळे नट गंजून एकजीव झालेले. इथे पाना म्हणजे पण धरायचंच हत्यार आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. फिरवणारा आपला हात असतो, पाना फक्त नटाला पकडतो, आणि सगळा प्रश्न किती बाजूंनी पकडतो हा. साधा उघड्या तोंडाचा पाना नटाच्या समोरासमोरच्या दोनच बाजू धरतो, रिंग पाना सगळे सहा कोपरे. म्हणून गंजलेल्या नटाला पहिले रिंग पाना, उघडा पाना नट सैल झाल्यावर भराभर काढायला. आणि पक्कड शेवटी पण नाही. पक्कडीच्या दातांनी कोपरे गोल होतात आणि मग त्या नटाला कुठलाच पाना बसत नाही, मग ग्राइंडर, मग ठिणग्या, मग खिडकीच्या पडद्याला भोक.

उघड्या पान्याचं तोंड दांड्याला सरळ नसतं, 15 अंश तिरपं असतं, हे बघितलंय का कधी? ती बनवणाऱ्याची चूक नाहीये. षटकोनी नट 60 अंशांनी फिरला की परत तसाच दिसतो, म्हणजे पाना काढून पुन्हा लावायला 60 अंशाची जागा हवी, जी कूलरच्या कोपऱ्यात कधीच नसते. तिरप्या तोंडाचा पाना एकदा असा लावायचा, 30 अंश फिरवायचा, मग पालथा करून लावायचा, परत 30 अंश. अर्ध्या जागेत काम होतं. ज्याने कोणी हे शोधलं त्याला मी मनातून नमस्कार करते दर एप्रिलला. ॲडजस्टेबल पाना, ज्याला बरेच जण स्लाइड पाना म्हणतात, तो लावताना जोर पक्क्या जबड्यावर येईल असा लावायचा, उलटा लावला की सरकणारा जबडा उघडतो आणि पाना निसटतो. आणि कुठलाही पाना शक्यतो स्वतःकडे ओढायचा, ढकलायचा नाही, निसटला तर बोटांची हाडं समोरच्या पत्र्यावर आपटतात. ढकलावंच लागलं तर मूठ उघडी ठेवून तळहाताने.

प्लांटमध्ये हेल्पर पोरं पहिल्या मिनिटाला विचारतात, "मॅडम, पाइप लगा दू क्या?" म्हणजे पान्याच्या दांड्यात पाइप घालून तो लांब करायचा. पान्याची लांबी पण त्याच्या मापाच्या हिशोबाने असते बाबांनो, लहान बोल्टला आखूड पाना, मोठ्याला लांब, साधारण हाताच्या जोराने बोल्ट सोसेल तेवढंच वळण बसावं म्हणून. 6 मिलिमीटरच्या बोल्टला 10 चा पाना लागतो, 8 च्या बोल्टला 13 चा, त्यांना पाइप लावला की बोल्टचं मुंडकं हातात. आधी गंज सोडवायचं तेल टाका, चहा घ्या, थोडा वेळ जाऊ द्या, नटावर बाजूने हलके ठोके द्या, मग आधी किंचित आवळून बघा, आणि मग सोडवा.

सामान कुठे घ्यायचं हे सगळे विचारतात. मी अजून इतवारीत लोहा ओळीलाच जाते, गर्दी आहे, पार्किंगचा तर विषयच नको, पण वस्तू हातात घेऊन बघता येते. नाशिकच्या टपारियाच्या पकडी, जालंधरकडचे पाने, रत्नागिरीला बनणाऱ्या कानशी, हे सगळं एकाच काउंटरवर मिळतं. पकड उघडझाप करून बघा, दोन्ही कटरच्या धारा उजेडासमोर धरा, फट दिसली तर परत द्या. गुण्या घेताना एका सरळ कडेच्या फळीवर रेघ मारून बघा, मग गुण्या पालथा करून त्याच जागेवरून परत रेघ, दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. दुकानदार चिडत नाही, उलट चहा सांगतो.

आमच्या लाइनीत 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा असते, मशिनी धुतात, हळदकुंकू, प्रसाद, मी पण तिथे असते, बुंदी सोडत नाही. घरी दसऱ्याला शेजारीपाजारी हत्यारांची पूजा करतात. आमच्या घरी ती पद्धत नाही, दसऱ्याला आमचं घर दीक्षाभूमीवर असतं, बाहेरगावाहून आलेल्या लोकांना पाणी वाटायच्या स्टॉलवर. पण बाबांनी एक लावून दिलंय की त्याच्या आदल्या दिवशी पेटी रिकामी करायची, पावसाळ्याचा दमटपणा गेलेला असतो, प्रत्येक पाना, पकड, छिन्नी कोरड्या फडक्याने पुसायची, मशीन ऑइलचा हात फिरवायचा. कानशींना मात्र तेल नाही, तेलकट कानस जॉबवर घसरते, आणि त्या एकावर एक टाकायच्या नाहीत, दात दातांवर घासून मरतात, फडक्यात वेगवेगळ्या गुंडाळायच्या. आई म्हणते झाली तुमची पूजा.

आता उसनं द्यायचं म्हणाल तर माझे नियम ठरलेले आहेत आणि त्यावरून गल्लीत मला थोडी कंजूष म्हणतात, म्हणू दे. कानस, छिन्नी, व्हर्नियर कोणालाच नाही. स्टीलची पट्टी तर अजिबातच नाही, कारण लोक तिने पेंटचा डबा उघडतात, टोक वाकतं, आणि एकदा टोक झिजलं की शून्यच गेला. वाइस बेंचला बोल्टने जखडलाय, तो कोणी नेऊ शकत नाही, पण गच्चीवर येऊन वापरा, हवी तर मी फळी देते पायाखाली. पाने खुशाल न्या. फक्त 10-11 चा मागू नका, तो समोरच्या काकांकडे कूलरचं स्टँड लावायला गेलाय, आणि काका म्हणतात की तो त्यांचाच आहे.